कोठीतली कोरडी गिटार

आईच्या अंगावरून वारं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुण्यात एका ऑर्केस्ट्राच्या तालमीत होते. मामांच्या घरी राहून मी कॉलेज केलं होतं. तिथेच गिटारचा नाद लागला आणि पुढे तेच पोटापाण्याचं साधन झालं. खोडदच्या आमच्या आळीतल्या कुणा मुलीने तोवर पेटीसुद्धा हातात धरलेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही आणि वडिलांनी कधी सांगितलं नाही. फोनवरही ते एवढंच म्हणाले, "दोन म्हैने ये. तुझी आई उठूस्तवर."

त्या दोन महिन्यांची साडेचार वर्षं झाली.

भाऊ नाशिकला कारखान्यात नोकरीला होता आणि वहिनीच्या पदरात तान्हं मूल होतं. लग्न न झालेली अशी घरात मी एकटीच. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. पहिल्या दिवशी आईची गादी उन्हात टाकली ती मी, आणि दुसऱ्या दिवशीही ते काम माझंच राहिलं.

आईची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पण सगळी वाचा गेली नव्हती. एक शब्द उरला होता, 'जा'. पाणी पाहिजे असलं तरी 'जा', जवळ बस म्हणायचं असलं तरी 'जा', पाठ दुखते तरी 'जा'. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधीकधी एखादाच शब्द वाचतो आणि तो कुठला असेल ते कुणाच्या हातात नसतं. तिच्या सुरावरून तिला काय हवं ते ओळखायला मला तीनेक आठवडे लागले. तोवर ती रागाने डाव्या हातातला स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायची. मग ती हाक मारायची आमची पद्धतच झाली. पेला वाजला की मी असेन तिथून पळायचं.

मोठा आवाज मात्र तिला अजिबात सहन व्हायचा नाही. मी पुण्याहून गिटार आणली तसा तिचा आवाज मोठा करणारा अॅम्पही आणला होता. एकदा ती झोपली आहे असं समजून पलीकडच्या खोलीत मी एकच कॉर्ड वाजवला. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. मी धावत गेले तर तिचं अख्खं अंग ताठ झालेलं, डोळे मोठे. वडील रानातून आले. त्यांनी अॅम्प उचलला, माळ्यावर नेऊन ठेवला आणि त्याच्यावर एक रिकामं पोतं टाकलं.

त्यानंतर पाच-सहा महिने मी गिटारला हात लावला नाही. विजेच्या गिटारचं असं असतं की अॅम्प नसेल तर ती जवळजवळ मुकीच. तारा किणकिणतात आणि तेवढंच.

पुण्यात माझ्या ओळखीचा एक रेकॉर्डिस्ट होता. फ्लॅटच्या मागच्या बेडरूमला त्याने गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. तिथे मी कधीमधी वाजवलेलं. एका दुपारी त्याचा घरच्या फोनवर फोन आला.

"एक काम आहे. चार गाणी. तू येतेस का?"

"मला कुठे येता येतंय? आणि इथे अॅम्प लावता येत नाही."

"अॅम्प लागतच नाही," तो म्हणाला. "तू नुसती तार दे."

"म्हणजे काय?"

"गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला. ड्राय, म्हणजे कोरडं. अॅम्प नाही, इफेक्ट नाही, काही नाही. तू पाठवलेला ट्रॅक मी इथे माझ्या अॅम्पमधून वाजवतो, त्याच्यासमोर माईक लावतो आणि परत रेकॉर्ड करतो. रिअॅम्पिंग म्हणतात त्याला. बोटं तुझी, आवाज इथला."

"आणि मला काय ऐकू येणार?"

तो हसला. "तुला? तुला खडखड."

त्याने एक जुना कॉम्प्युटर आणि साबणाच्या डबीएवढी एक लोखंडी पेटी पाठवून दिली. गिटारचा नाजूक आवाज वाटेत न मरता कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचा, एवढंच त्या पेटीचं काम. आमच्या घराच्या मागच्या अंगाला कोठीची खोली होती. तिथे बाजरीची पोती, फवारणीचा पंप, लोणच्याच्या बरण्या आणि एक हातभर खिडकी. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची, आणखी काही नाही. तिथे मी दोन पोती सरकवून बसायला जागा केली.

पहिल्या दिवशी हेडफोन कानाला लावले तर गिटारपेक्षा मोठा ऐकू आला तो 'घूंऽऽऽ' असा गुणगुणाट. वायर बदलली, प्लग बदलला, तरी तो तसाच.

शेजारचे काका तबकड्यांवर कामाला होते. आमच्या शिवारात त्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत, तिथे ते वायरिंगचं बघायचे. आईला बघायला आले तेव्हा मी त्यांना कोठीत नेलं. त्यांनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि एखाद्या वैद्याने नाडी बघावी तसे बराच वेळ बसून राहिले.

"मोटारी हायेत," ते म्हणाले. "हिरीवरच्या. लाईट आली की समद्या गावाच्या मोटारी चालू व्हत्यात, त्यांची घरघर तुझ्या गिटारीत शिरती. ही गिटार म्हंजी आमच्या डिशीची धाकटी बहीण बघ. दोघीबी लई बारीक आवाज ऐकत्यात, म्हणून दोघींनाबी तरास."

"मग काय करायचं?"

"आमी काय करतो? झाकतो, फिरवतो, आन् वाट बघतो."

त्यांनी तेच केलं. नारायणगावहून तांब्याचा पातळ पत्रा आणला, गिटारच्या पोटात आतून बसवला आणि त्याला वायर डागली. मग मला गिटार घेऊन स्टुलावर बसवलं आणि हळूहळू फिरवत नेलं. एका दिशेला तोंड केलं की गुणगुणाट बराच बसायचा. ती दिशा निघाली दक्षिण. तेव्हापासून मी दक्षिणेकडे तोंड करून वाजवायला बसायचे. आत्या भेटायला आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "घरात आजारी माणूस आन् ही पोर दक्षिणेला तोंड करून बसती!"

तरी थोडा गुणगुणाट राहायचाच. तो शेवटी गेला लोडशेडिंगमुळे. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची. रेकॉर्डिस्टने आपला जुना लॅपटॉप पाठवला, त्याची बॅटरी सव्वा तास टिकायची. लाईट गेली की विहिरीवरच्या मोटारी बंद, पिठाची गिरणी बंद, शेजारचा टीव्ही बंद. त्या सव्वा तासात हेडफोनमध्ये अशी शांतता यायची की तारेवर बोट नुसतं टेकलेलं ऐकू जाई. अख्खं गाव लाईट यायची वाट बघायचं आणि मी जायची.

काम असं चालायचं. पुण्याहून सीडीवर गाणं यायचं, गिटार सोडून बाकी सगळं वाजलेलं. ते ऐकत मी वाजवायचे आणि माझा कोरडा ट्रॅक दुसऱ्या सीडीवर उतरवायचे. गल्लीतला एक टेम्पोवाला टोमॅटो घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा, त्याच्याकडे ती सीडी द्यायचे. रेकॉर्डिस्टचा माणूस तिथून घ्यायचा. मी जिथे जाऊ शकत नव्हते तिथे माझी बोटं टोमॅटोच्या क्रेटवर बसून आठवड्यातून एकदा जाऊन यायची.

कोरडं वाजवणं फार निष्ठुर असतं. अॅम्पच्या गुरगुराटात बोटांची अर्धी पापं झाकली जातात. इथे काहीच झाकलं जात नाही. तार जरा तिरकी दाबली, एक सूर केसभर उशिरा आला, की तो तसाच्या तसा पत्र्यावर खडा पडल्यासारखा ऐकू येतो. सुरुवातीला मला स्वतःची लाज वाटायची. मग मी फार काळजीपूर्वक, फार जपून वाजवायला शिकले. त्या गाण्यांचा शेवटचा आवाज कसा होणार हे मला कधीच कळायचं नाही. समोर भिंत, कानात खडखड, आणि मनाने कल्पना करायची की हा सूर आता पुण्यात एका खोलीत केवढा मोठा होत असेल. बरेचदा ती कल्पनाही जमायची नाही. सव्वा तास संपला की मी हेडफोन काढायचे आणि आईची कूस बदलायला जायचे.

एक नियम मी पाळायचे. आई झोपली की मगच हेडफोन, आणि दर गाण्यानंतर एकदा जाऊन बघायचं. वडील दुपारी रानात असायचे.

ज्या दिवसाचं सांगते त्या दिवशी ती झोपलेली होती. मी स्वतः बघून आले होते. गाणं अवघड होतं, मध्ये एक लांब तुकडा होता जो तीन दिवस मला जमत नव्हता. बॅटरी संपत आली होती. पहिला टेक बिघडला, दुसरा बिघडला. जाऊन बघायला हवं होतं, पण मी म्हटलं, आणखी एकदा. आणि तिसऱ्यांदा तो जमला. इतका जमला की शेवटचा सूर संपल्यावरही मी तारेवरचं बोट उचललं नाही. मग हेडफोन काढले.

घरात काहीच आवाज नव्हता. पुढच्या खोलीत गेले तर आई जमिनीवर होती. पेला भिंतीशी जाऊन पडला होता. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती आणि तिचा डावा हात, चालता होता तो एकुलता हात, मनगटापासून वाकडा दिसत होता.

नारायणगावच्या दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी जवळ नव्हतं का?" वडील माझ्या आधी म्हणाले, "व्हती. पडायचं ते पडतंय." मला त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

सहा आठवडे आईला एकही हात नव्हता. आता पेलाही वाजवता येत नव्हता. मी तिच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून दिवसभर बसून असायचे. नाक खाजलं तरी तिने 'जा' म्हणायचं आणि मी ओळखायचं. कोठीचं दार मी लावून घेतलं होतं.

त्या पहिल्या आठवड्यातच एका दुपारी, आत्या आईजवळ बसली असताना, मी कोठीत जाऊन तो टेक ऐकला. आधी पूर्ण ऐकला, मग परत ऐकला. मला वाटत होतं, कुठेतरी असेल. पेल्याचा आवाज, पडल्याचा आवाज, काहीतरी. पण त्या वायरीला खोली ऐकू येत नाही. तिला फक्त तार ऐकू येते. आई नेमकी कुठल्या सुराला पडली ते त्या टेकमध्ये आहे आणि नाहीही. तो मी आयुष्यात तोवर वाजवलेला सगळ्यात चांगला तुकडा होता.

मी तो पाठवला. पुसून टाकेन असं दोनदा ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याच्या हातात सीडी दिली. का दिली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी नारायणगावात मेडिकलच्या दुकानात आईच्या गोळ्या घेत होते. शेजारी सीडी-कॅसेटचं दुकान होतं, तिथे ते गाणं लागलं. गिटार आली तेव्हा मी आधी ओळखलीच नाही. केवढा तो आवाज, भरलेला, जाडजूड, कडांना फाटत गेलेला. माझं असं त्यात काय होतं? मग तो लांब तुकडा आला आणि माझ्या डाव्या हाताची बोटं पिशवीच्या बंदावर आपोआप हलायला लागली. दुकानदार म्हणाला, "ताई, सुट्टे न्हाईत का?" त्या चौकात इतकी माणसं होती आणि मी कुणालाही सांगू शकत नव्हते की ही मी आहे, आणि या वेळी माझी आई जमिनीवर पडलेली आहे. गोळ्या तिथेच काउंटरवर विसरून मी एसटीत बसले. अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं.

प्लॅस्टर निघाल्यावर एक दिवस जेवताना वडील म्हणाले, "ते तुझं कोठीतलं बंद का?"

"नको आता."

ते खाली बघत भाकरी मोडत राहिले. "लाईट गेल्यावर मोटार बंदच असती. मी बांधावर बसून काय करतो? दोन तास माझं. तू तुझं कर."

ज्या माणसाने कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता तो दुसऱ्या दिवसापासून दुपारी आईजवळ बसायला लागला. तिला भरवायला शिकला, कूस बदलायला शिकला. मी कोठीतून बाहेर यायचे तेव्हा दोघं गप्प बसलेली दिसायची. एकदा मी ऐकलं, ते तिला बाजारभाव सांगत होते आणि ती प्रत्येक भावाला निरनिराळ्या सुरात 'जा' म्हणत होती.

मग पुण्याहून बोलावणं आलं. एका मोठ्या कामासाठी वाजवणारे सगळे एकत्र बसून रेकॉर्ड करणार होते, तिथे कोरडा ट्रॅक पाठवून भागणार नव्हतं. चार दिवस. वहिनी नाशिकहून यायला तयार झाली. वडील म्हणाले, "जाऊन ये." मी आईजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं.

"जाऊ का मी?"

"जा," आई म्हणाली.

मी तिचा सूर पकडायचा प्रयत्न केला. सगळे सूर मला पाठ होते, पाण्याचा, उशीचा, रागाचा, भीतीचा. हा यातला कुठलाच नव्हता, किंवा सगळेच होते. मी परत विचारलं. ती परत तेच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मला हवा होता तो अर्थ मी घेतला आणि सकाळच्या गाडीने गेले.

पुण्यात पहिल्यांदा अॅम्पसमोर उभी राहिले तेव्हा मीच दचकले. माझी बोटं इतक्या आवाजाला सरावलेली नव्हती. मी इतकं जपून, इतकं बारीक वाजवत होते की रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "अगं, इथे कुणी झोपलेलं नाहीये." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी जरा सैल झाले. तिसऱ्या दिवशी खरोखर वाजवलं. छातीत तो आवाज बसत होता आणि मला रडू येत होतं, आनंदाने की काय ते ठरवायला वेळ नव्हता.

चौथ्या दिवशी घरी आले तर वहिनी दारातच म्हणाली, "ताई, आईंनी माझ्या नि अण्णांच्या हातचं फक्त दूध घेतलं. चार दिवस." आईने माझ्याकडे बघून तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस ती 'जा'सुद्धा म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी मी भरवलेला घास तिने गिळला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी ओळखलं की आता ती असेपर्यंत मी कुठे जाणार नाही. चिडून कोठीत गेले आणि पोत्याला लाथ मारली. मग तिथेच बसून राहिले, कारण तिथून पुढे जायला जागाच नव्हती.

त्यानंतर आई दीड वर्ष राहिली. एका पहाटे झोपेतच गेली.

दहाव्यानंतर भाऊ म्हणाला, "आता अण्णा एकटे. तू हाईस म्हणून बरंय." मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "मला सैपाक येतो आता. हिला इथं बसवून ठेवू नका."

दार उघडं झालं होतं. रेकॉर्डिस्ट फोन करून थकला. मी मात्र गेले नाही. कधी कांदा काढायचा होता, कधी म्हैस व्यायला झालेली, कधी घर सारवायचं राहिलेलं. आईची खाट काढल्यावर पुढच्या खोलीत मोकळी जागा झाली होती. अॅम्प माळ्यावरून खाली आणून तिथे ठेवता आला असता, पण मला त्याची भीती वाटायची. दुपारी लाईट गेली की मी कोठीत जायचे आणि दक्षिणेकडे तोंड करून कुणासाठीही नसलेलं काहीबाही वाजवायचे, कोरडंच. वडील दारात येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. असे सात महिने गेले.

शेवटी गिटारचा वायर लावायचा सॉकेट सैल झाला. आवाज मध्येच तुटायला लागला. काका म्हणाले, मी डागून देतो. मी म्हटलं, नको, पुण्याला नेऊन नीट करून आणते, दोन दिवसांत येते. वडील स्टॅंडपर्यंत आले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून एक जड पिशवी आत दिली. मी उघडून पाहिली तर त्यात माझे हिवाळ्याचे कपडे, कॉलेजची सर्टिफिकेटं आणि चटणीची बरणी होती.

"दोनच दिवसांसाठी चालले आहे, अण्णा."

"व्हय," ते म्हणाले आणि गाडी सुटायची वाट न बघता वळून चालायला लागले.